थांब्यावरच्या सावल्या

मिल्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेल अविवच्या बस स्टेशनात, माझ्या गाडीतच बसून चहा पीत होतो. फोनवर तिची मुलगी अनात होती. अनातचा जन्म इथला; मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिब्रूच निघते. “दोद शामू,” ती म्हणाली. दोद म्हणजे काका. मागे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मी मराठीत विचारलं, “गेली का गं?” तिने हिब्रूत सांगितलं, “हो. आत्ताच.” गाडी तर न्यायलाच हवी होती, माणसं चढून बसली होती. गावापर्यंत ती कशी आणली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की दवाखान्यासमोरच्या थांब्यावर कुणी उभं नव्हतं, उतरायची घंटाही कुणी दिली नव्हती, तरी मी गाडी थांबवली. दार उघडलं. थोडा वेळ उघडंच ठेवलं... मागून एका बाईने विचारलं, “ड्रायव्हर, कोण यायचं राहिलंय?” तेव्हा दार लावून घेतलं.

आम्ही दोघं भायखळ्याच्या एकाच चाळीतले. आमचे आईवडील साठच्या दशकात एकाच विमानाने इकडे आले आणि अश्दोद बंदरापासून आत, वाळूच्या टेकड्या संपतात तिथे नव्याने वसवलेल्या गावात आम्हाला समोरासमोर घरं मिळाली. त्या सरकारी इमारतींना हिब्रूत ‘शिकून’ म्हणतात. सगळ्या एकसारख्या, उन्हात तापलेल्या. शेजारी मोरोक्कोहून आलेले, मग आम्ही कोकणातून मुंबईमार्गे आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पुढे इथिओपियाचे लोक आले. मिल्काला लहानपणापासून रिकामी भिंत दिसली की हात शिवशिवायचे. ती जिन्यात कोळशाने चित्रं काढायची आणि तिची आई, रिबकामावशी, ओल्या फडक्याने ती पुसत तिला शिव्या घालायची. शाळा संपल्यावर मिल्का कापडाच्या कारखान्यात छपाई खात्यात लागली, पण संध्याकाळी बसने तेल अविवला चित्रकलेच्या वर्गाला जायची. लग्न झालं, अनात झाली, नवरा लवकर गेला. मग गावातल्या समाजकेंद्रात ती म्हाताऱ्यांना आणि मुलांना चित्रकला शिकवू लागली. मोठी चित्रकार झाली असं कुणी म्हणणार नाही. तिची चित्रं टांगायला कधी दिवाणखाना मिळाला नाही, आणि तिने तो मागितलाही नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पाऊस फार थोडा झाला आणि शराव, म्हणजे वाळवंटाकडून येणारा तो भट्टीसारखा वारा, वेळेआधीच सुरू झाला. दवाखान्यासमोरच्या थांब्यावर तेव्हा एक खांब होता आणि एक पाटी. बाक नाही, छप्पर नाही, झाड तर नाहीच. रिबकामावशी औषधं घेऊन माझ्याच गाडीची वाट बघत उभी होती. गाडी वेळेवर होती, पण म्हातारी माणसं नेहमीच आधी येऊन उभी राहतात. मी वळण घेतलं तेव्हा मला ती दिसली नाही, फक्त गर्दी दिसली. खाली उतरलो. मावशी फुटपाथवर पडलेली, पदर सावरायची हाताची धडपड अजून चालूच... “शामू, पाणी दे रे,” एवढंच म्हणाली. मी तिला उचलून गाडीत घेतली. फुटपाथची फरशी इतकी तापली होती की माझे गुडघे भाजले. दोन दिवसांनी मावशी गेली.

सुतकाचे दिवस संपल्यावर मिल्का नगरपालिकेत गेली, मला सोबत घेऊन. तिने मागितलं ते साधं होतं: थांब्यापासून दवाखान्यापर्यंत झाडं लावा आणि ती वाढेपर्यंत छप्पर घाला. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. म्हणाला, पाण्याची टंचाई आहे, बजेट नाही, झाडाला वर्षं लागतात. मिल्का म्हणाली, “रस्त्यापलीकडे नव्या बंगल्यांच्या वस्तीत दोन्ही बाजूंना झाडं आहेत. तिथे टंचाई नाही?” तो हसला आणि हात पसरून म्हणाला, “बाई, मी काय करू? सावली रंगवून देऊ?” मला वाटलं, आता ही भांडणार. पण ती उठून चालू लागली. जिना उतरताना म्हणाली, “शामू, ऊन सगळ्यांवर सारखं पडतं म्हणतात ना? खोटं आहे ते. आणि हे ऊन आता दर वर्षी वाढतच जाणार आहे. रंगवूया सावली.”

पुढचे काही आठवडे ती दारोदार फिरली. प्रत्येकाला एकच प्रश्न: लहानपणी कुठल्या झाडाखाली बसायचात? वरच्या मजल्यावरच्या मझालने मोरोक्कोतल्या आपल्या अंगणातल्या अंजिराची पानं हवेत बोटाने काढून दाखवली. एका इथिओपियन आजोबांनी जमिनीवर बसून मातीत असं काही रुंद झाड रेखलं की त्यांची नातवंडं बघतच राहिली. नातवंडांनी त्या झाडाबद्दल कधी ऐकलंही नव्हतं. आमच्या बायकांनी फणस सांगितला, माड सांगितला, रेवदंड्याची कुठलीशी चिंच सांगितली. मी म्हटलं, चाळीत वाढलो, माझं कसलं झाड. ती म्हणाली, “शाळेच्या मैदानातला बदाम विसरलास? त्याची फळं दगडाने फोडून तूच तर मला द्यायचास.”

आणि एका शुक्रवारी सकाळी सगळी वस्ती खाली उतरली. मिल्काने खडूने रेषा आखल्या, बाकीच्यांनी ब्रशने, झाडूने, काहींनी हातांनीच रंग भरला. काळपट निळा रंग होता तो. दहाच्या सुमाराला, म्हणजे दवाखान्यात गर्दी असते त्या वेळेला, झाडं असती तर त्यांची सावली जशी पडली असती, तशी ती पूर्ण फुटपाथभर उतरली. वर झाड नाही आणि खाली सावली. दुसऱ्या आठवड्यात मी गाडीतून बघितलं, तर थांब्यावरची माणसं त्या रंगात उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळत होते. एका आजीने तर छत्री मिटली. मी हे मिल्काला सांगितलं तेव्हा तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पडला. “म्हणजे मी लोकांना फसवलं रे,” ती म्हणाली. “ऊन तेवढंच आहे आणि लोकांना बरं वाटतंय. मग नगरपालिका झाडं कशाला लावेल?”

त्या दिवशी दुपारी ती एकटीच रंगाचा डबा घेऊन गेली. जिथे मावशी पडली होती, तिथे, रंगवलेल्या सगळ्या झाडांपासून दूर, भर उन्हात, तिने एका बाईची सावली काढली. ठेंगणी, हातात पिशवी, डोक्यावर पदर. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. त्यानंतर त्या थांब्यावर कुणाला बरं वाटलं नाही. लोक वळसा घालून जायचे. मला पहाटेच्या पहिल्या फेरीला, उजाडता उजाडता, ती सावली दिसायची आणि दर वेळी पाय ब्रेकवर जायचा. अजून कुणाचीच सावली पडलेली नसायची. तिची मात्र असायची.

गाव बोलू लागलं तसं नगरपालिकेने फुटपाथ धुवायला माणसं पाठवली. पाण्याचा टँकर आणि ब्रशचं यंत्र घेऊन ती आली तो दिवसही शरावचाच. बातमी ‘शिकून’मध्ये पोचली आणि म्हातारे खाली आले. प्रत्येक जण आपापल्या झाडाच्या सावलीवर जाऊन बसला. मझाल अंजिरावर, आजोबा त्यांच्या त्या रुंद झाडावर. कुणी उठेना. मिल्का धावत आली आणि हात जोडून विनवू लागली, “उठा, घरी जा. पुसू दे त्यांना. मला आणखी कुणी गेलेलं नको आहे...” तिचा आवाज फाटला होता. मझालने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. म्हणाली, “तुझ्या आईसाठी नाही बसलो, मुली. आमच्यासाठी बसलोय.”

तेवढ्यात माझी गाडी आली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी ती फुटपाथला चिकटवून अशी उभी केली, की तिची सावली जमेल तेवढ्यांवर पडावी, आणि इंजिन बंद केलं. गाडीतल्या लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग दोघातिघांनी आपल्या पाण्याच्या बाटल्या खाली दिल्या. मागे गाड्या तुंबल्या. धुणाऱ्या माणसांचा मुकादम बराच वेळ फोनवर बोलत राहिला आणि शेवटी टँकर घेऊन निघून गेला. डेपोत मला चांगलाच दम मिळाला. पण त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. मिल्का घरी जाऊन कितीतरी वेळ थंड पाण्याखाली उभी होती, असं अनातने नंतर सांगितलं.

त्यानंतर पेपरात फोटो आला, साहेब बदलला, आणि पुढच्या हिवाळ्यात, झाडांच्या सणाला, खरी रोपं लागली. छप्पर आणि बाकही आले. बायकांनी त्या रोपांपाशी मलिदा केला. पोहे, खोबरं, गूळ. काही रोपं जळाली, काही जगली. गुलमोहर सर्वांत आधी वाढला. रंगवलेली झाडं हळूहळू पुसट होत गेली. मिल्काने ती पुन्हा रंगवली नाहीत. आईची सावली मात्र ती दर उन्हाळ्याआधी ताजी करायची. नंतर जन्मलेली मुलंही तिला वळसा घालून जातात. का, ते त्यांना ठाऊक नाही.

मागच्या वर्षी आजाराने तिला अंथरुणाला खिळवलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, डोळे तेवढे तिचे राहिले होते. म्हणाली, “आईची दिसते का रे अजून?”

मी खरं तेच सांगितलं. “सकाळी दिसते. दहानंतर नाही दिसत. गुलमोहराची सावली पोचली तिथपर्यंत.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, “मग राहू दे. आता नको रंगवायला. किती वर्षं उन्हात उभी केली तिला...”

गेल्या आठवड्यात अनातला घर आवरायचं होतं, म्हणून मी बरोबर गेलो. घर बंद होतं, एसी बंद, मीटरही बंद केलेला. अनातने मागच्या गॅलरीचं दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली. कोपऱ्यात मिल्काची निळी प्लास्टिकची बादली होती आणि ती काठोकाठ भरून वाहत होती. फरशी ओली. इतक्या दिवसांच्या बंद घरात... मग मी वर बघितलं. मझालच्या एसीच्या पाण्याची नळी दोरीने बांधून थेट या बादलीत सोडलेली होती. मिल्कानेच कधीतरी बांधली असणार. “गारवा आपल्या घरात आणि गरम वारा रस्त्यावर, निदान पाणी तरी झाडाला जाऊ दे,” असं ती सगळ्या इमारतीला ऐकवायची, आणि रोज उतरत्या उन्हात बादली घेऊन खाली जायची. वर मझालला कुणी सांगितलंच नव्हतं की नळी आता काढ. किंवा सांगितलं असेल, आणि तिने काढली नसेल.

अनात बादलीकडे बघत उभी राहिली. मग वाकून तिने ती उचलली. थोडं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

“जड आहे,” ती मराठीत म्हणाली, आणि जिना उतरू लागली.