विणीच्या दिवसांतला लाल

भाची ऋतासाठी आलेल्या स्थळाचं घर बघायला ती आणि मी, आम्ही दोघीच गेलो होतो. हॉलमध्ये फिश टँक होता. त्यातला एक मासा लालभडक होऊन, पर पसरून मिरवत होता आणि राखाडी मादी पाणवनस्पतीच्या आडून त्याला नुसती पाहत होती.

"हा नेहमी इतका लाल असतो?" ऋताने विचारलं.

"छे, विणीच्या दिवसांतच," मुलाची आई म्हणाली. "एरवी तोही राखाडीच."

तेवढ्याने मला त्या घराचाच संशय येऊ लागला. उशांचे अभ्रे कोरे होते, भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. मुलगा स्वतः चहा करून घेऊन आला, तेव्हा त्याच्या आईनेच चमकून पाहिलं. माशाला तरी लबाड कसं म्हणावं? रंग त्याच्याच अंगातून आलेला असतो. तो खोटा नसतो, फक्त टिकणारा नसतो. मादीला हे ठाऊक असावं. आम्ही उठेपर्यंत ती काही बाहेर आली नाही.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला आहे," ऋता म्हणाली. "पण मावशी, एकदा पुन्हा येऊ या. न कळवता."