एका बटणाने गेलेली भिंत

पूर्णिमा आमच्या बिबवेवाडीच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात एक बॅग, एक लॅपटॉप आणि भरपूर भीती होती. यवतमाळकडच्या दिग्रसची मुलगी. तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत होती, ते सोडून इंटिरियर डिझाइन शिकायला पुण्यात आली. क्लासमधल्या पोरांच्या इंग्रजीला घाबरायची, रस्ता ओलांडायला घाबरायची, आणि सॉफ्टवेअरला तर इतकी की एक रेघ मारली की लगेच फाइल सेव्ह करायची. मी म्हटलं, ‘अगं, लॅपटॉप आहे तो, कुत्रं नव्हे. चावत नाही.’ हसली, आणि पुन्हा सेव्ह केलं.

पण घाबरत घाबरत का होईना, शिकली. पडद्यावर अशी घरं उभी करायला लागली की मला आमचं घर म्हणजे गोदाम वाटायला लागलं. कोथरूडच्या तनुजा मॅडमनी तिला ऑफिसात चाचणीवर घेतलं आणि पहिलंच स्वतंत्र काम दिलं. आप्पासाहेब नावाच्या निवृत्त गृहस्थांचा जुन्या दुमजली इमारतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. त्यांना हॉल आणि स्वयंपाकघर एक करून हवं होतं. पूर्णिमाने मधली भिंत निवडली, एक बटण दाबलं, भिंत गेली. चित्र बघून आप्पासाहेब खूश, मॅडम खूश. हे काम नीट पार पडलं तर नोकरी पक्की, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

तोडफोड सुरू झाली त्या दिवशी ती घरीच पुढची ड्रॉइंग करत बसली होती. जेवणाच्या वेळेला ठेकेदार हिंमतरावांनी तिला फोटो पाठवला. भिंतीला वरच्या बाजूला मोठं भगदाड पाडलेलं. तो बघून ती कठडा धरत धरत जिना उतरली. चेहरा पांढराफटक.

‘काकू, ही भित लय जाड हाय. वर बीमच नाही.’ घाबरली की तिची गावाकडची बोली वर यायची. ‘मले भेव लागून रायलं.’

मग अडखळत तिने जे सांगितलं ते मलासुद्धा कळलं. नव्या इमारतींत वजन खांबांवर असतं, आतल्या भिंती नुसत्या आडोशाला. क्लासमध्ये सगळा सराव अशाच इमारतींचा. जुन्या इमारतींत मात्र भिंतीच वरचा मजला पेलतात. तिने फ्लॅटची मापं घेताना खोल्या आतून मोजल्या आणि भिंतीची जाडी सॉफ्टवेअरने जी आपोआप दिली तीच ठेवली. बाहेरची लांबी जास्त भरली, चांगली वीतभर. टेप सैल धरली असेल असं समजून तिने खोल्या थोड्या ताणल्या आणि नकाशा जुळवून टाकला. क्लासमध्ये सगळेच तसं करायचे म्हणे. ती वीत म्हणजे भिंतीची जादा जाडी होती.

‘हिंमतरावांना फोन लाव आधी,’ मी म्हटलं.

लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. ‘मॅडम, जेवायला बसलोय. सोसायटीत एक ते चार तोडफोड बंद असते ना. चारला घण घातला की तासाभरात मोकळं करून देतो.’

तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, ‘बरं.’ आणि फोन ठेवला.

‘बरं काय, बरं?’ माझा पारा चढला. ‘थांबवा म्हणायचं!’

‘सांगितलं तर नोकरी जाईल, काकू.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. मला रागच जास्त येत होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मीही घाबरले होते. स्वारगेटच्या सिग्नलला तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती, आणि मी गप्प बस म्हणत होते, ती काही बोलत नसताना.

इमारत दुपारच्या पुण्यासारखी झोपलेली. फाटकावर पाटी, ‘१ ते ४ तोडफोड, ठोकाठोक व बेल बंद’. मला वाटलं ही आधी आप्पासाहेबांकडे जाईल. ती सरळ पहिल्या मजल्यावर गेली, त्या फ्लॅटच्या बरोबर वरच्या दाराशी, आणि बेल दाबून धरली.

दार सरुबाई नावाच्या आजींनी उघडलं. पूर्वी ही जमीन त्यांच्या घराची. शेतावर इमारत झाली आणि मोबदल्यात हा फ्लॅट मिळाला. एकट्याच राहायच्या.

‘कोण हाय गं? पाटी दिसंना व्हय?’

‘आजी, तुम्ही झोपता कुठे?’

‘हितं. सैपाकघराच्या भितीला लागून. का?’

‘खाली चला. आत्ता.’

‘आता काय झालं? ते कपाटाचं दारबी सकाळधरनं लागंना झालंय.’

हे ऐकल्यावर मात्र मला कळलं, वरची फरशी सकाळपासूनच खचायला लागली होती. पूर्णिमाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना चपलासुद्धा घालू न देता खाली आणलं. मग आप्पासाहेबांचं दार वाजवलं, आणि ते पाटीकडे बोट दाखवायच्या आत बोलून टाकलं, ‘ही भिंत पाडायची नाही. वरचं घर हिच्यावर उभं आहे. चूक माझी आहे.’

आप्पासाहेबांनी भगदाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘ड्रॉइंगमधली चूक पुसता येते, बाई. यात मी राहतो.’

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. तिथेच जेवून बसलेल्या हिंमतरावांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘कशाला कबूल करता? वरचा भार घ्यायला लोखंडी गर्डर सरकवून देतो, कुणाला कळणार नाही.’ तिने नकारार्थी मान हलवली आणि टेकू मागितले. सामानात दोनच निघाले. ते भगदाडाखाली लावले. इंजिनिअरला फोन केला, तो सकाळी येतो म्हणाला. तोपर्यंत आप्पासाहेबांनी तनुजा मॅडमना कळवलं होतं. मॅडमचा फोन आला. पूर्णिमा ‘हो मॅडम’ एवढंच म्हणत राहिली. ‘उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस म्हणाल्या,’ तिने मला सांगितलं. चित्र मॅडमनीही पाहिलं होतं, पास केलं होतं. पण चाचणीवरच्या पोरीला काढणं सोपं.

हिंमतराव हात झटकत म्हणाले, ‘आजी, टेकू लावलेत. जा वर, पडा खुशाल.’

सरुबाई त्यांच्याकडे बघायलाच तयार नव्हत्या. त्या पूर्णिमासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ‘पोरी, तू सांग. जाऊ का मी वर?’

मला वाटलं, ती म्हणेल की मला कामावरून काढलंय, दुसऱ्या कुणाला विचारा. तसं म्हणायचा तिला हक्क होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘नाही आजी. इंजिनिअर बघेपर्यंत या इमारतीत कुणी झोपायचं नाही. आप्पासाहेब, तुम्हीसुद्धा. आणि वरच्या बाकीच्या घरांत मी सांगून येते.’

आप्पासाहेब औषधांची पिशवी आणायला आत गेले. सरुबाईंनी पूर्णिमाचा हात धरला. तिने तो हलकेच सोडवून घेतला आणि वरची दारं वाजवायला निघाली, जिन्याचा कठडा धरत धरत.