तिसऱ्या रांगेतल्या तीन खुर्च्या

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही. सुनंदाला — माझ्या बायकोला — यातलं अर्धंच माहीत आहे. आणि विलासला जे माहीत आहे ते सगळं खोटं आहे, मीच त्याला सांगितलेलं. नऊ वर्षं झाली. त्याच्या घरी जेवतो, त्याच्या नातवाला कडेवर घेतो, आणि इतक्या वर्षांत हा विषय माझ्या तोंडून आपणहून कधी निघाला नाही. तो काढतो. दरवर्षी काढतो.

गोष्ट नाटकाच्या तिकिटांची आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस नऊ वर्षं — असो. आधी सांगून टाकतो.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. तेव्हा आम्ही दोघंही लातूरला, एकाच गल्लीत राहायचो. तो शिक्षक, मी एका सरकारी कार्यालयात कारकून. त्याची बायको शैला नाटकवेडी. गल्लीतल्या बायका गोळा करून गणपतीत एकांकिका बसवायची, स्वतः पुरुषाचं काम करायची, मिशी लावून. मुंबईचं एक नाटक लातूरला येणार असं कळलं, तेव्हा बुकिंग उघडायच्या आधी ती पुस्तकांच्या दुकानासमोर जाऊन उभी होती. चार तिकिटं — त्यांची दोन, आमची दोन. तिसरी रांग, कडेच्या खुर्च्या. दुकानदारानं पुठ्ठ्यावरच्या नकाशात तिच्यासमोर चार चौकोनांवर पेनानं फुल्या मारल्या. "मागं बसून नुसता आवाजच ऐकायचा असला तर घरचा रेडिओ काय वाईट हाय?" असं ती म्हणाली होती. तोंडं दिसली पाहिजेत, हा तिचा हट्ट.

नाटकाच्या अठरा दिवस आधी शैला गेली. सकाळी पोळ्या करताना डोकं धरून खाली बसली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विलासनं मला घरात बोलावलं. फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्या दिवसांत तो फारसा बोलतच नव्हता. तेव्हा मात्र बोलला. म्हणाला, "दिन्या, ही परत करू नको, फाडू पण नको. तुमची दोन तुमच्याकडं ठेव. आमची दोन अशा बाईला दे, जिला लई हौस हाय आणि तिकीट मिळंना गेलंय. तिला नवऱ्यासंगं बसव. शैलाच्या जागेवर कुणीतरी हसू दे." एवढंच. मी मान हलवली. दोन खुर्च्यांवर एका हौशी बाईला आणि तिच्या नवऱ्याला बसवायचं, यात अवघड ते काय होतं?

घरी सुनंदानं पाकिटाला हातही लावला नाही. "तिच्याशिवाय मी तिथं जाऊन बसू? आणि तुम्हाला तरी कसं जाववतंय?" असं म्हणून ती आत निघून गेली. तिचंही तिकीट माझ्याकडेच राहिलं. म्हणजे माझं धरून चार.

आता इथून पुढचं. बदल्यांचे दिवस जवळ आले होते. माझं नाव लांबच्या किनवटच्या यादीत आहे अशी कुजबुज ऑफिसात होती. मुलगी बारावीत जाणार होती — ते राहू द्या, ते कारण मी स्वतःला पुरेसं देऊन झालंय. आमच्या साहेबांच्या टेबलापाशी मी सोमवारी उभा होतो. तेच म्हणाले की नाटक हाउसफुल्ल झालं म्हणे, घरचे मागे लागलेत. आणि माझा हात खिशात गेला. कुणी मागितलं नव्हतं. मी तीन तिकिटं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "साहेब, माझ्याकडे जास्तीची आहेत." जास्तीची! शैलानं उन्हात उभं राहून काढलेली तिकिटं मला जास्तीची झाली.

साहेब खूश झाले. म्हणाले, "मग तुम्हीही आहातच ना शेजारी? मुलीलाही आणतो." मग मी कसा न जाणार? साहेब, बाईसाहेब आणि त्यांची मुलगी येणार, त्यांना दारापासून खुर्चीपर्यंत नेलं पाहिजे, मध्यंतरात चहा पाहिजे. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो. सुनंदानं मला जाताना पाहिलं.

दाराशी गर्दी होती. तिकीट नसलेले बरेच लोक घुटमळत होते. त्यांत एक जोडपं मला आठवतं. माणूस साठीचा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. बाई हिरव्या इरकली लुगड्यात, केसांत अबोली, हातात पिशवी. दारावरच्या माणसाला ती म्हणत होती, "दादा, चाकूरहून आलोत हो. उभ्यानं बघतो की. आमचं काय वजन पडतंय का तुमच्या जमिनीवर?" दारावरचा माणूस हसला आणि त्यानं त्यांना आत घेतलं. रिकामं दिसलं तर बसवतो म्हणाला.

मी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलो. पलीकडच्या तीन खुर्च्यांवर एकीवर रुमाल, एकीवर चष्म्याचं घर, एकीवर हेल्मेट ठेवलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. साहेबांचा फोन लागेना. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. साहेब आले नाहीत. मध्यंतरातही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा म्हणाले, "अरे हो! राहूनच गेलं बघा. कसं होतं?" तिकिटं गाडीच्या पुढच्या कप्प्यात तशीच होती.

माझी बदली झाली नाही. त्याचा या तिकिटांशी काही संबंध होता की नाही, मला आजही माहीत नाही. विचारणार तरी कुणाला?

त्या संध्याकाळी सगळं थिएटर हसत होतं. मी तीन रिकाम्या खुर्च्यांच्या शेजारी बसून होतो. नाटकातलं मला आज एक वाक्यही आठवत नाही.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर विलासकडे गेलो. तो पाटावर बसला होता, पुढं ताट, भात तसाच. त्यानं मान वर केली. "कुणाला दिलीस?"

मी तेव्हाच सांगू शकलो असतो. तो ओरडला असता, कदाचित वर्षभर बोलला नसता. पण मला साहेबांचं नाव घ्यायला लागलं असतं, तो सोमवार सांगायला लागला असता, 'जास्तीची' हा शब्द सांगायला लागला असता. मी म्हणालो, "चाकूरहून एक जोडपं आलं होतं. तिकीट मिळत नव्हतं. त्यांना बसवलं."

"बाई कशी होती?"

"हिरवं इरकली. केसांत अबोली."

"हसली का?"

"लई हसली," मी म्हणालो. "पदर तोंडाला लावून हसत होती."

विलासनं भाताचा घास घेतला. मग दुसरा. त्याची मुलगी मृणाल दारात उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही मोठं काम केलंय. त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून मी बोललो, असं मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलंय. खरं नाही ते. मी माझी कातडी वाचवत होतो.

पुढच्या वर्षी मृणालचं लग्न नांदेडला झालं आणि विलास निवृत्त होऊन लेकीजवळ राहायला गेला. शैलाचं वर्षश्राद्ध झाल्यावर जो पितृपक्ष आला, त्यातली अविधवा नवमी त्यानं धरली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात. विलासनं मला फोन केला. त्याला सवाष्ण म्हणून चाकूरची ती बाई हवी होती. "शैलाच्या खुर्चीवर बसली ना ती? मग शैलाच्या पाटावर पण तिलाच बसू दे."

मला काय सुचणार? म्हणालो, पत्ता घेतला नव्हता. त्या वर्षी पाटावर सुनंदा बसली.

पण त्यानं सोडलं नाही. पेन्शनच्या कामाला तो नांदेडहून लातूरला यायचा, वाटेत चाकूर लागतं. तो तिथं उतरायला लागला. स्टँडवर, किराण्याच्या दुकानात, शाळेत चौकशी करायचा. मग संध्याकाळी माझ्या घरी येऊन, पाय चोळत, हसत सांगायचा. "बांगड्यांच्या दुकानात गेलो आज. तो कासार म्हणतो, गुरुजी, नाव न्हाई, आडनाव न्हाई, नुसतं हिरवं लुगडं! चाकुरात काय एकाच बाईला हिरवं मिळतंय का?" सुनंदाही हसली. मीही हसलो. त्याच्या गुडघ्यांना सूज असायची. दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही की विलास, शोधू नकोस.

आणि मग मी जे केलं — हे लिहिताना मी तीनदा उठून आलोय.

तिसऱ्या वर्षी नवमीच्या आधी त्याचा फोन आला, की कासारानं कुणा एका घराचा पत्ता काढलाय, नाटकाला लातूरला जाणाऱ्या बाईचा, आणि तो उद्या निघतोय. ती तीच असती तर? ती त्याला काय म्हणाली असती? मी रात्रभर वाट पाहिली नाही की काही विचार केला नाही. त्याच फोनवर, त्याचं वाक्य संपायच्या आत, मी म्हणालो, "विलास, जाऊ नको. मी परवाच चाकूरला गेलो होतो, कामानिमित्त. तिथं कळलं. ती बाई वारली."

तो म्हणाला, "नवऱ्याच्या आधी?"

"हो."

"नवरा कुठं असतो? भेटून येतो."

"मुलाकडे गेला, पुण्याला."

"नाव काय रे तिचं?"

"रुक्मिणबाई," मी म्हणालो. कुठून आलं कोण जाणे. पहिलं तोंडात आलं ते.

बघा, किती सोपं होतं. एका जिवंत बाईला — ती जिवंत असेल, का नसावी? — मी फोनवर उभ्या उभ्या मारलं, तिच्या नवऱ्याला पुण्याला धाडलं, आणि फोन ठेवून चहा घेतला.

त्या वर्षापासून विलासच्या घरी नवमीला दोन पानं मांडतात. एक शैलाचं, एक रुक्मिणबाईचं. एकावर सुनंदा बसते, दुसऱ्यावर शेजारच्या एक बाई. सुनंदाला वाटतं, तिची मैत्रीण गेल्यावर निदान तिची जागा तरी कुणाच्या कामी आली. तिनं मला त्या संध्याकाळबद्दल कधीच माफ केलं नव्हतं, ते या एका गोष्टीमुळे केलं.

अजून एक राहिलंय. मघाशी मी ते गाळून पुढे गेलो, तुमच्या लक्षात आलं असेल कदाचित. ते जोडपं आत आलं, असं मी म्हणालो, पण पुढे त्यांचं काय झालं ते सांगितलं नाही.

ते दोघं आमच्या रांगेपाशीच, भिंतीला टेकून उभे होते. पडदा वर गेल्यावर दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला, खुर्च्यांवर उजेड टाकून म्हणाला, "साहेब, या तीन?" मी म्हणालो, "येणार आहेत." पाऊण तासानं पुन्हा आला. मी म्हणालो, "खाली गाडी लावतायत." फोन तर लागतच नव्हता. मग ती बाई पायरीवर टेकली, तर तिला उठवलं कुणीतरी, वाट अडते म्हणून. तेव्हा तिचा नवरा माझ्यापाशी आला. वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचे पाव्हणे येईपर्यंत हिला बसू द्या की. आले की लगेच उठती. गुडघे दुखायलेत तिचे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाही, बरं दिसत नाही ते." आणि हेल्मेट सरळ केलं.

बाईनं ऐकलं. नवऱ्याला म्हणाली, "चला हो. एस्टी जाईल." मध्यंतर व्हायच्या आधीच ते दोघं निघून गेले.

ती हसली नाही. पदर तोंडाला लावून वगैरे काहीही नाही. मी तिला एकदाही हसताना पाहिलं नाही, दाराशी हसून बोलली तेवढी सोडून.

या वर्षीची नवमी परवा झाली. सुनंदा आणि मी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली, मी खिडकीतून बाहेर बघायचं टाळलं. विलास आता काठी घेऊन चालतो. पानं मांडून झाली, मृणालनं दोघींच्या ओट्या भरल्या. विलासनं शैलाच्या नावानं पाणी सोडलं, मग रुक्मिणबाईच्या नावानं. मग मला हाक मारली.

"दिन्या, इकडं ये. या पानाला नमस्कार तू कर. जागा तूच दिली होतीस तिला."

सगळे बघत होते. मी पुढे गेलो. वाकलो, पानापुढे डोकं टेकवलं, उठलो. मग पुरुषांची पंगत बसली, त्यात मीही बसलो. विलासनं स्वतः उभं राहून मला खीर वाढली. मी दोनदा घेतली.