मागे उभा राहिलेला वसंता

दुकानातल्या बाईंनी दोन माईक माझ्यापुढे ठेवले. "काका, घरात पंखा, कुकर चालू असणारच. मग डायनॅमिकच घ्या. तोंडाजवळचं तेवढं घेतो, मागचं फारसं येत नाही."

त्यांनी गुण म्हणून सांगितलं, पण मला वसंता आठवला. आमच्या भजनी मंडळाची कॅसेट निघाली तेव्हा असाच एकच माईक होता. "वसंता, तुझा आवाज जड आहे, जरा मागे सर," असं म्हणून मी पुढे झालो. चाली सगळ्या त्याच्या होत्या. कॅसेटवर नाव माझं लागलं आणि मी ते लागू दिलं. "भजन पोचलं ना लोकांपर्यंत, बास," एवढंच तो हसून म्हणाला.

आता तो नाही. वहिनी आहेत. त्यांच्या हयातीत हे सांगून टाकावं, म्हणूनच या वयात पॉडकास्टचा खटाटोप. यंत्राला जवळचंच ऐकू येतं, त्यात त्याचा दोष नाही. जवळ कोणी उभं राहायचं, हे माणसं ठरवतात.

"काहीतरी बोलून बघा," बाई म्हणाल्या.

"त्या चाली वसंताच्या होत्या."

"आवाज कापतोय, काका. परत बोला."

मी परत बोललो.