नरहरकाकांची लाल फुली

नरहरकाका पिंपळखुटे ऑगस्टपासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे तोंडानं बोलत नाहीत. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर खडूनं लिहितात. पहिला मजकूर होता, ‘पाणी तुझ्या अंगणातून आलं.’ मी खाली कोळशानं लिहिलं, ‘पाणी आभाळातून आलं.’ त्यावर त्यांनी लाल खडूनं एवढ्या जोरात फुली मारली, की प्लास्टरचा टवका उडाला.

ही फुली आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या ओळखीची. काका चौतीस वर्षं तोफांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. माल समोर आला की माप लावायचं, केसाएवढा फरक निघाला तरी लाल फुली, माल परत. निवृत्त झाले, पण खडू खिशातून निघाला नाही. निरोपाच्या दिवशी मिळालेल्या शालीच्या काठावरसुद्धा घरी आल्यावर फुली पडली, असं वीणाकाकूच सांगतात. दुर्वा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तिच्यासाठी अकरा स्थळांचे फोटो आले. अकराही फोटोंच्या मागे फुल्या. बारावा मुलगा तिनं स्वतः आणला, फोटो न देता.

पांढरी बरोबरची खूण काकांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर केली, ती म्हणजे हे घर. बावीस वर्षांपूर्वी बांधताना वीट विटेवर आपटून आवाज ऐकायचे. दोन ट्रॉल्या विटा परत पाठवल्या होत्या. वास्तुशांतीला भटजी आले तेव्हा दाराच्या चौकटीवर पांढरी खूण आधीच होती. भटजींनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, “पास.”

आता माझ्या अंगणाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी लपवतो आहे. मे महिन्यात मी अंगणात भर टाकून वर काँक्रीट केलं. थोडंसंच. ऑगस्टात तीन दिवस पाऊस पडला, मागचा नाला फुगला आणि पाणी गल्लीत शिरलं. गावभर लोक बरगी धरणाच्या दरवाजांवर चिडले होते, काका माझ्यावर. कारण पाणी माझ्या उंबऱ्यापाशी आलं, तिथून वळलं आणि त्यांच्या चारही खोल्यांत दोन दिवस गुडघाभर उभं राहिलं.

पाणी उतरल्यावर उरलं ते सगळ्यांच्या घरी उरतं तेच. फुगलेली दारं, गाद्यांचा कुबट वास, भिंतीत वर चढत गेलेल्या ओलीची छातीएवढ्या उंचीवर रेघ, आणि रेघेखाली काळी बुरशी. वीणाकाकूंना दमा. तिसऱ्या दिवशी त्यांना दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घ्यावा लागू लागला. दुर्वा नागपूरहून गाडी घेऊन आली. फाटकापाशी जे बोलणं झालं ते मी ऐकलं, कारण मी तेव्हा योगायोगानं गच्चीवर होतो. माझे योगायोग बरेच असतात.

“पापा, आता बस करा न,” दुर्वा म्हणाली. “माझ्या बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट रिकामा आहे. हे विकून टाकू.”

“नागपूरला मी काय तपासू?”

“माझी औषधं तपासा,” काकू गाडीतून म्हणाल्या. मग थांबून श्वास घेतला. “हे पहा, धनत्रयोदशीला मी येऊन पाहीन. भिंती कोरड्या असल्या तर राहीन. नसल्या तर घर विका न तुम्ही तिकडे या. मले या वासात मरायचं नाही.”

गाडी गेल्यावर काकांनी वर पाहिलं आणि मी दिसलो. त्या दिवसापासून मला माझ्याच गच्चीवर गुन्हेगारासारखं वावरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी अंबादास मिस्त्री आला. हा सौंसरचा, निम्मी कॉलनी यानंच बांधली, बोलतो कमी आणि विडी जास्त ओढतो. त्यानं छातीपर्यंतचं सगळं प्लास्टर काढून टाकलं, विटा उघड्या केल्या. काकांनी भाड्यानं चार कूलर आणले, पाणी न भरता नुसती हवा सोडून भिंतींकडे तोंडं करून ठेवले. कूलर दिवसभर असे घरघरायचे की माझी बायको पुष्पा म्हणाली, “विमानतळ आपल्या गल्लीत आलं.”

विटा जरा सुकल्यासारख्या दिसल्यावर अंबादासनं नवं प्लास्टर केलं. काकांनी दोरी लावली, फुली मारली. दुसऱ्यांदा केलं, फुली मारली. तिसऱ्यांदा अंबादास विडी विझवून म्हणाला, “काकाजी, तुम्ही तोफ नाही बनवून राहिले. भिंत आहे. थोडी वाकडी राहते.”

“माझ्या घरात नाही राहत.”

“मग लावा तुमच्या हातानं.”

पण त्यानं चौथ्यांदाही लावलं, आणि मग भिंत वाळली का ते बघायची त्याची रीत दाखवली. दुधाची रिकामी पिशवी कापून, पुसून, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवायची. रात्रभर ठेवायची. सकाळी पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. नाही दिसले तर रंग लावा. काकांना ही रीत इतकी आवडली की प्रत्येक खोलीत आठ-आठ पिशव्या लागल्या. घर दूधवाल्याच्या दुकानासारखं दिसायला लागलं. रोज सकाळी काका चष्मा लावून एकेक पिशवी बघायचे आणि बाजूला फुली मारायचे. सप्टेंबर गेला, फुल्या. दसरा आला, फुल्या.

मी दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन फाटकापाशी गेलो. पायरीवर अंबादास बसला होता. काका आतून त्याला म्हणाले, “त्याला सांग, पानं नको. अंगण फोड.”

“भाऊ, ते म्हणून राहिले अंगण फोडा,” अंबादासनं मला तीन फुटांवरून सांगितलं.

“त्यांना सांग, काँक्रीट पक्कं आहे. त्यांनी येऊन तपासावं.”

अंबादासनं दोघांकडे पाहिलं आणि विडी पेटवली. पानं मी त्यालाच दिली.

दिवाळी जवळ यायला लागली आणि काका बदलले. रोज संध्याकाळी दुर्वाचा फोन यायचा. फोन स्पीकरवर असायचा आणि खिडकी उघडी, भिंती वाळवायच्या होत्या ना. “वाळल्या का, पापा?” “वाळून राहिल्या.” “फ्लॅटवाल्याले काय सांगू?” “काही सांगू नको.” धनत्रयोदशीला बारा दिवस उरले तेव्हा एका सकाळी मी त्यांना दिवाणखान्यातली पिशवी बघताना पाहिलं. चष्मा लावला, वाकले, बराच वेळ तसेच राहिले. थेंब माझ्या गच्चीवरूनसुद्धा चमकत होते. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी ओढून काढली, सदऱ्याला पुसून घडी करून खिशात टाकली. मग दुसऱ्या खिशातून पांढरा खडू काढला आणि भिंतीवर बरोबरची खूण केली.

चौतीस वर्षांत त्या माणसानं केसाएवढा फरक सोडला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. आलंही, पण थोडं उशिरा.

अंबादासनं खूण पाहिली, भिंतीवर पालथा हात ठेवला. “काकाजी, ही भिंत अजून पाणी पिऊन बसली आहे. पौषाआधी रंगाले हात नाही लावायचा.”

“पास आहे.”

“कोणी केली पास?”

“मी.”

“मग रंग पण तुम्हीच लावा. माझं नाव नका सांगू कोणाले.” आणि तो थापी धुऊन निघून गेला.

रंग काकांनीच लावला. साधा नाही, चकचकीत ऑइल पेंट, बदामी, दोन हात. ओल बाहेर दिसायलाच नको म्हणून. सहासष्टाव्या वर्षी शिडीवर चढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून एकट्यानं चार खोल्या रंगवल्या. काम आरशासारखं झालं, हे मला शत्रू असूनही मान्य करावं लागतं. मी मधल्या भिंतीवर लिहिलं, ‘अभिनंदन.’ त्यांनी फुलीसुद्धा मारली नाही. तेव्हाच मला कळलं की माणूस घाबरलेला आहे.

धनत्रयोदशीला दुपारी गाडी आली. पुष्पा आणि मी करंज्यांचं ताट घेऊन लगेच पोचलो. दार उघडंच होतं आणि सणाच्या दिवशी कोणाला हाकलता येत नाही. काकूंची तब्येत सुधारली होती. त्यांनी दाराशी चपला काढल्या, नाक वर करून वास घेतला. रंगाचा वास होता, दुसरा कुठला समजत नव्हता. काका भिंतीला पाठ लावून उभे, जसे काही तिथं भिंत नाहीच.

“सरका,” काकू म्हणाल्या.

“नवा रंग आहे, हात नको लावू.”

“सरका म्हटलं न.”

काका सरकले. त्यांच्या पाठीमागे, बरोबर त्या पांढऱ्या खुणेच्या जागी, रंग फुगून तळहाताएवढा फोड आला होता. काकूंनी बांगडीतली पिन काढली आणि फोडाला टोचली. पाण्याची बारीक धार निघाली, बदामी रंगावरून ओघळत फरशीवर आली. दुर्वानं “पापा” एवढंच म्हटलं.

“तुम्हाले माहीत होतं?” काकूंनी विचारलं.

काका खाली बघत होते. “होतं.”

“मले फसवलं असतं तरी चाललं असतं. श्वासाले कसं फसवता?”

मग काकूंनी हात पुढे केला. “खडू द्या.”

काकांनी खिशातून लाल खडू काढून दिला. काकूंनी कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत फुली मारली. काकांनी आयुष्यात मारलेली एकही एवढी मोठी नसेल. मला फार मजा वाटली आणि ती लपवायला मी एक करंजी खाल्ली.

“आता चल, आई,” दुर्वा म्हणाली. “फ्लॅटवाला वाट बघून राहिला.”

“थांब.” काकू खडू घेऊन बाहेर निघाल्या, फाटकातून सरळ माझ्या अंगणात. आम्ही सगळे मागे. “आनंद, किती चढवलं हे?”

“सहा इंच, काकू.”

“सव्वा फूट,” पुष्पा माझ्या मागून म्हणाली. माझी स्वतःची बायको.

काकू वाकल्या आणि माझ्या नव्या काँक्रीटवर दुसरी फुली मारली. मग कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि दोन्ही पुरुषांकडे आळीपाळीनं पाहिलं. “ती भिंत खरवडायची. हे अंगण फोडायचं. संक्रांतीपर्यंत पाहते. तोपर्यंत पुष्पाच्या समोरच्या खोलीत राहते. नागपूरला बसून फोनवर खोटं ऐकण्यापेक्षा इथून डोळ्यानं दिसेल. संक्रांतीला थेंब दिसला की घर विकायचं, मग कोणी तोंड उघडायचं नाही.”

“त्याच्या घरात राहशील?” काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

“त्याच्या घरात पाणी नाही शिरत.”

अंबादासला दोन्ही घरांनी बोलावलं. सकाळी तो माझं अंगण फोडायचा, दुपारी काकांकडे जायचा. काकांनी स्वतःच्या हातांनी लावलेला रंग स्वतःच पत्र्यानं खरवडला, तो आवाज दातांत जायचा. पुन्हा विटा उघड्या, पुन्हा कूलर. सकाळचा चहा ते त्यांच्या फाटकापाशी उभे राहून प्यायचे, कारण काकू माझ्या व्हरांड्यात बसून प्यायच्या. मग काका मधल्या भिंतीवरून दुधाची पिशवी वर धरायचे. काकू चष्मा लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. तो दोन-अडीच महिन्यांचा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळाला.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी पिशवी कोरडी निघाली. काका पिशवी उलटसुलट करून पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. काकू म्हणाल्या, “तशीच परत लावा. आणखी दोन दिवस.” दोन दिवसांनीही कोरडी. तिळगुळाच्या दिवशी काकू घरी गेल्या. दुर्वानं फ्लॅटवाल्याला नकार कळवला. भिंतीला अजून रंग नाही, नुसता पांढरा चुना आहे, आणि चौकटीवर जुन्या खुणेखाली काकूंच्या हातची एक नवी पांढरी खूण. लाल खडू त्यांनी परत दिला नव्हता. तो त्यांच्याच पर्समध्ये होता.

मी तिळगुळ घेऊन गेलो. काकांनी घेतला, तोंडात टाकला, आणि गोड काय, कडू काय, एक शब्द नाही. माझ्या अंगणात आले, भर काढून खाली नव्यानं केलेल्या काँक्रीटवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली, बुडबुडा कुठे सरकतो ते पाहिलं. उतार अजून अर्धा इंच त्यांच्याकडेच आहे म्हणे. खिशात हात घातला, खडू नव्हता. मग वळून आपल्या घराकडे तोंड करून ओरडले, “वीणा, खडू आण.”

आणि काकूंनी आणला.