आठ नंबरचे बूट

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे छत्तीसगढमधल्या बीरगावात, आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, कोणाचाही सरकारी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. रेशन कार्डातली चूक, गॅसचा अर्ज, शाळेचा दाखला. बाबा हौसेने सांगायचे, "आमच्या पोट्टीकडे द्या, तिचं अक्षर छापल्यावानी हाये." मी शिकले हिंदी शाळेत, मराठी लिहायला शिकले विहारातल्या रविवारच्या वर्गात. पण भाषा कोणतीही असो, एक रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो, हे मला लवकर कळलं होतं. म्हणून मी रकाना रिकामा ठेवत नसे.

बाबा उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. भंगार लोखंड भट्टीत टाकायचं, वितळवायचं, हे त्यांचं काम. एका रविवारी त्यांनी सुपरवायझरने दिलेला फॉर्मचा गठ्ठा आणला. त्यांच्या पाळीतल्या सगळ्यांचे फॉर्म. "मला खालील सुरक्षा साहित्य मिळाले आहे" असं वर छापलेलं आणि खाली यादी: हेल्मेट, चामड्याचा एप्रन, हातमोजे, चेहऱ्यावर लावायची काच, बूट. प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायची. बुटापुढे नंबर लिहायचा.

"बाबा, हे मिळालं का तुम्हाला?"

"आधी कागद जाईन, मंग माल येईन म्हणते तो. तू भर नं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉलेजातही आम्ही पुस्तकं मिळाली म्हणून आधी सही केली होती, पुस्तकं नंतर आली. मी विचारलं, बुटाचा नंबर काय लिहू? बाबा म्हणाले, "आठ टाक. आठ बहुतेकाइले होते." मी सगळ्यांच्या फॉर्मवर आठ लिहिलं. एकसारखं, सुबक.

संध्याकाळी लोक सही करायला आले. बाबांच्या शेजारी भट्टीवर उभे राहणारे काका आमच्याच गल्लीत राहतात. ठेंगणे, पायही लहान. फॉर्म पाहून म्हणाले, "आठ नंबर? बाई, मले सहा लागते. आठात तं मी आन् तुही काकू दोघं मावून जाऊ."

सगळे हसले. मी खोडायला पेन उचललं, तर तेच म्हणाले, "राहू दे, खोडलं तं वापस येईन. दोन मोजे घालीन मी." आणि सही केली. आईने सगळ्यांना चहा दिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

सामान आलं नाही. बाबा एकदोनदा सुपरवायझरला विचारून आले, मग विचारायचे थांबले.

काही महिन्यांनी भंगारात दोन्ही टोकं बंद असलेला एक पाईप आला. आत पाणी होतं. असा तुकडा तापलेल्या भट्टीत पडला की फुटतो आणि वितळलेलं लोखंड वर उडतं. पूर्वी दोन बाया भंगार निवडायच्या, बंद तुकडे बाजूला काढायच्या. कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने त्यांना कमी केलं होतं. काका भट्टीसमोर होते, तोंडाला फक्त गमछा. डावा गाल, मान आणि हात भाजला. बाबांनी त्यांना ओढून मागे घेतलं.

युनियन आधीपासून हेच मागत होती: त्या बायांना परत घ्या, भट्टीवरच्या प्रत्येकाला काच द्या. युनियनचे सेक्रेटरी म्हणजे एक म्हातारे, पूर्वीचे क्रेन चालक. छत्तीसगढी माणूस, सगळे त्यांना भैयाच म्हणतात. भनपुरीत सायकलच्या दुकानामागे त्यांची एक खोली आहे, तेच ऑफिस. त्यांनी सरकारी खात्याकडे तक्रार केली, चौकशी लागली. पहिल्याच तारखेला कारखान्याच्या माणसाने फाईल पुढे ठेवली. सामान सगळ्यांना दिलंय, सह्या आहेत, यानेच घातलं नाही, चूक त्याची.

भैया झेरॉक्स घेऊन आमच्या घरी आले. चटईवर कागद मांडले.

"बेटी, ये लिखावट किसकी है?"

मी म्हटलं, "माझी."

"हमको भी यही लगा. पूरी पाली का पाँव आठ नंबर? एक ही साँचे से निकले हो क्या रे सब?" हे ते बाबांकडे बघून म्हणाले, पण हसले नाहीत. मग माझ्याकडे वळून सावकाश बोलले. जर मी चौकशीच्या साहेबांसमोर लिहून दिलं की फॉर्म घरी बसून भरले आणि सामान कोणाला मिळालं नव्हतं, तर तो कागद टिकणार नाही. नाहीतर काकांचीच चूक ठरेल आणि काचेची मागणीही तिथेच संपेल.

"नहीं भैया," बाबा एकदम म्हणाले, "लड़की को बीच में मत लाओ. कागज तो मैं लाया था ना. उद्या मले गेटवरच अडवतीन."

भैया म्हणाले, "हव, रोकेंगे." एवढंच. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर मी काकांकडे गेले. ते खाटेवर बसले होते. डावा डोळा नीट मिटत नव्हता, काकू सारखी कापसाने पाणी टिपत होती. मी फॉर्मचं बोलले, माफी मागितली.

"तू काहून रडून राहिली? सही मीच केली नं." मग म्हणाले, "मले एकच सांग. ते म्हणून राहिले का म्या काच घरी ठेवली. माह्या घरात पाह्य बरं कुठं हाये काच. दोनच खोल्या हायेत."

काकू म्हणाली, "पलंगाखालीही पाहून घे, बाई." तिच्या आवाजात टोमणा होता. तो माझ्यासाठी होता की कारखान्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मी जबाब लिहायला बसले. "फॉर्म कोणी आणले" या जागेवर हात थांबला. भैया म्हणाले होते, "एका कामगाराने" असं लिहिलं तरी चालेल. पण साहेबांनी विचारलं तर? मी बाबांना विचारलं. ते पायाचा अंगठा चोळू लागले.

"तुले काय वाटते?"

"मला भीती वाटते, बाबा."

"मलेही वाटते." मग म्हणाले, "माह्यं नाव लिही. अर्धं लिहिशीन तं ते तुलेच खोटी ठरवतीन."

चौकशीच्या खोलीत साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. मला कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावल्या, अक्षर जुळवून पाहिलं. मग विचारलं, सामान मिळालं नाही हे तुला कसं माहीत? मी सांगितलं, काकांना सहा नंबर लागतो आणि मी आठ लिहिला, त्यांनी माझ्यासमोर हसून सही केली. बाबांचा एप्रन आमच्या घरी कधी आलाच नाही. कारखान्याचा माणूस बाबांना म्हणाला, "तो आप लाए थे?" बाबा उभे राहिले. "हाँ, मैं ही लाया." आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

साहेबांनी माझा जबाब नोंदवून घेतला. एका मुलीच्या सांगण्यावर निर्णय होणार नाही, म्हणाले. ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यापैकी आणखी कोणी येऊन सांगावं, म्हणून पुढची तारीख दिली.

दुसऱ्या सकाळी बाबांना गेटवर अडवलं. ठेकेदाराच्या यादीत नाव नाही, म्हणाले. भैया आणि युनियनचे काही लोक गेटबाहेर उभे राहिले. मीही बाबांजवळ उभी होते. पाळीची माणसं येऊ लागली. ज्यांचे फॉर्म मी भरले होते, त्यातले तिघं भैयांकडे आले आणि तारखेला येतो म्हणाले. बाकीचे गेटपाशी रेंगाळले. आत जावं की थांबावं, त्यांना ठरवता येत नव्हतं. एकजण माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्याच्या मुलीला मीच गणित शिकवते. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी बाबा असते तर मी त्यांना बाहेर थांबा म्हटलं असतं का, ते सांगता येत नाही.

भोंगा वाजला. बाबाच पुढे झाले.

"जा रे, जा. हजेरी जाईन तुमची," ते म्हणाले. माणसं हलली. मग बाबांनी मागून आवाज दिला, "पण भंगार पाहून टाका. बंद पाईप दिसला तं हातच नका लावू, सुपरवायझर कितीबी बोंबलला तरी."

दोघातिघांनी मान हलवली आणि आत गेले.