काळी दोनची गिटार

लोणावळ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये विजेवर चालणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. एक छताचा दिवा आणि दुसरे माझे धाकटे दीर. भावोजी रेल्वेच्या वीज खात्यात होते. तारेतल्या विजेवर गाडी कशी धावते हे ते जेवायला बसलेल्या माणसाला सांगत, आणि तो उठून हात धुवायला गेला तर मोरीपर्यंत जाऊन सांगत.

लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी इथल्या एका हॉटेलात गोऱ्या शिपायांसाठी नाच होत आणि मुंबईहून वाजवणारे येत. त्यांतला एकजण गोव्याला घरी निघाला आणि जाताना आपली विजेची गिटार भावोजींच्या गळ्यात घालून गेला. बदल्यात भावोजींची सायकल घेऊन गेला. सायकल रोज लागायची, म्हणूनच ती देणं त्यांना सोपं गेलं असावं.

ही गिटार उभी धरायची नव्हती, मांडीवर आडवी ठेवायची होती. लांबट फळी, तिच्यावर सहा तारा, तारांवरून घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले दोन लोहचुंबक, आणि एक लांब वायर. वायरीच्या टोकाला आवाज मोठा करणारा खोका. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवर सरकवली की गिटार नवी नवरी पाठवणीला रडते तशी रडायची. खोका जोडला नाही, तर मात्र शेजारी बसलेल्या माणसालाच काय ते ऐकू यायचं. आम्ही बाकीचे तेव्हा लांब बसत असू.

कुरवंड्याहून दूध घालायला येणाऱ्या मावशीनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातलं माप तसंच राहिलं.

"ह्यो पाट कशाला आनला, बाई?"

"वाद्य आहे, मावशी. विजेवर वाजतं."

"वीज खाऊन वाजतं व्हय? लय लाडाचं दिसतंय. आमच्या डोंगरावरनं एवढ्या तारा गेल्यात, पर आमाला अजून रोज सांजचं चिमनीच पुसाया लागती."

भावोजी तिला वीज कुठे तयार होते आणि कुठे जाते ते समजावू लागले. "कुटं जाती ते ठावं हाय मला," मावशी म्हणाली. "आमच्याकडं येत न्हाई तेवढं बघा की." आणि दूध मोजून निघून गेली.

आता घरातली खरी अडचण सांगते. माझी धाकटी नणंद आमच्याकडे राहत होती. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर त्या परत आल्या होत्या. सासरी त्यांना कुणी विचारत नव्हतं. इथे सगळेच विचारत, परत कधी जाणार म्हणून. वन्संचं शिक्षण मराठी सातवीच्या फायनलपर्यंत झालं होतं आणि गाणं त्यांनी लग्नाआधी चांगलं सात-आठ वर्षं शिकून घेतलं होतं. तळेगावच्या एका मुलींच्या शाळेत गाण्याची बाई हवी आहे असं कळलं, शिवाय शाळेमागे राहायला एक खोली. नोकरी त्यांना हवीच होती. पण त्या बोलत फक्त खोलीबद्दल. "दाराला आतून कडी आहे, वहिनी," एवढं त्या पहिल्याच फेरीत पाहून आल्या होत्या.

पहिल्या फेरीत बाकी काही जमलं नाही. वन्संचा आवाज स्वच्छ आणि भरदार, पण खालचा. त्यांची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी धरून गायची. शाळेत मुलींना वाजवून देणारे एक पेटीमास्तर होते. त्यांच्या मते बायकांची पट्टी काळी पाच. ती ब्रह्मदेवानं ठरवून फक्त मास्तरांना कळवली होती. वन्संनी खाली घ्या म्हणून विनंती केली, तर म्हणाले, "खाली घेतलं तर गाणारी बाई आहे हे कमिटीला कळणार कसं?" कमिटी समोरच बसली होती आणि तिला डोळे होते. पण मास्तरांनी काळी पाच धरली ती धरलीच. वरच्या षड्जाला वन्संचा आवाज फाटला. कमिटीचे अध्यक्ष वयस्कर, सज्जन गृहस्थ. त्यांनी कळवळून विचारलं, "बाईंना सर्दी झालीय का?"

सर्दी नव्हती. पण असं विचारल्यावर हो म्हणण्याशिवाय माणसाला दुसरं काय उरतं?

"मग बऱ्या होऊन पुढच्या महिन्यात या," अध्यक्ष म्हणाले. "मास्तरांची साथ जमत नसेल तर आपली साथ घेऊन या. त्या वेळी मात्र काय ते ठरवून टाकू." दुसऱ्या कुठल्याच बाईनं अर्ज केला नव्हता, त्यामुळे एवढा दिलदारपणा कमिटीला परवडत होता.

साथीला साधा तंबोरा मिळाला असता तर मला हे काही लिहावं लागलं नसतं. गावात एक तंबोरा एका भजनी बुवांकडे होता. बाईमाणसाचा हात लागला की तो उतरतो, असं बुवांचं म्हणणं. तेव्हा भावोजी पुढे सरसावले. "तंबोरा कशाला? गिटार काळी दोनमध्ये लावू. मी साथ करतो. खोका जोडला की पेटीमास्तर स्वतःची पेटीसुद्धा ऐकू शकणार नाहीत."

लावायची म्हणजे काय, तर खुंट्या सैल सोडायच्या. त्यांनी सोडल्या. सूर खाली आला आणि तारांमधला जीवही गेला. कांडी जरा टेकली की सूर इकडे, उचलली की तिकडे. वन्संनी त्या सुरावर एक ओळ गाऊन पाहिली आणि अर्ध्यातच सोडली.

"भावोजी," मी म्हटलं, "धुण्याची दोरी सैल सोडली की लुगडं कुठे जातं?"

"वहिनी, हे शास्त्र आहे."

"मातीत जातं. सूर खाली हवा असेल तर तार जाड घाला आणि ताणून बांधा."

भावोजींनी ऐकलं नाही. संध्याकाळी आमच्या ह्यांनी तेच वाक्य जरा हळू आवाजात म्हटलं, तेव्हा त्यांना एकदम पटलं.

जाड तारा मात्र मिळेनात. मुंबईच्या दुकानदाराचा निरोप आला, लढाई संपल्यावर या. जणू आम्हीच ती लांबवत होतो. मग आमचे हे पुण्याहून तंबोऱ्याच्या खर्जाच्या जाड पितळी तारा घेऊन आले. चढवल्या. खोका न जोडता ऐकलं तर सुरेख सूर, घट्ट आणि खोल. भावोजींनी समारंभानं खोका जोडला. वरच्या सुरांच्या जुन्या तारा ओरडल्या आणि पितळी तारा मुक्या झाल्या. छेडल्या तरी खोक्यातून काही येईना.

भावोजींनी खोका उघडला. आतले दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह काढून पुसले आणि परत लावले. विजेचा दाब कमी आहे म्हणाले, मग जास्त आहे म्हणाले. दोन संध्याकाळी घरभर स्क्रू पडले होते आणि वन्सं ते वेचत होत्या.

मी शिवणकाम करते. ती गिटार घरात आल्यापासून तिचा मला एकच उपयोग होता. सुया सांडल्या की गिटार पालथी धरून ते चुंबक जमिनीवरून फिरवायचे, सगळ्या चिकटून येत. भावोजी नसताना, हे सांगायला नको. चिकटायचं नाही ते फक्त माझं अंगुस्तान, कारण ते पितळेचं. मी ते बोटातून काढलं आणि भावोजींच्या समोर त्या चुंबकाला लावलं. टप्पकन खाली पडलं.

"हा चुंबकच तारेचं ऐकतो ना?" मी विचारलं.

"हो."

"मग ज्याला पितळ दिसत नाही, त्याला ते ऐकू कसं येईल?"

वीज खात्यातल्या माणसानं ते अंगुस्तान उचलून स्वतः एकदा चुंबकाला लावून पाहिलं. "मी तेच म्हणणार होतो," म्हणाले.

म्हणजे तार जाड हवी आणि पोलादाचीही हवी. खंडाळ्याच्या बाजूला एका पारशी बाईंचा बंगला होता. त्यांचे पडदे माझ्याकडे शिवायला असत. त्यांच्या दिवाणखान्यात एक पियानो होता. पावसाळ्यात दमट हवेनं त्याच्या तारा तुटत आणि मुंबईचा माणूस दरवर्षी येऊन नव्या घालत असे. पडदे पोचवायला गेले तेव्हा जुन्या तारांचं विचारलं. बाईंनी कशाला हव्यात म्हणूनही विचारलं नाही. अडगळीतून एक वेटोळं माझ्या पुढ्यात टाकलं. निरनिराळ्या जाडीचं, उत्तम पोलाद. गंजाचे ठिपके राखेनं घासून काढले.

पुढचं काम भावोजी करीनात. तारा ज्या हाडाच्या तुकड्यावरून खुंट्यांकडे जातात, त्यातल्या खाचा बारीक तारांसाठी केलेल्या. जाड तार खाचेत बसेना, वर बसून घसरू लागली. मी सोनाराकडून बारीक कानस मागून आणली.

"वहिनी, वाद्याला कानस लावत नाहीत."

"तुम्ही लावू नका. मी लावते."

जरा घासायचं, तार बसवून पाहायची, परत जरा घासायचं. खाच रुंद झाली तर तार आत खडखडते. खोल झाली तर ती एक तार बाकीच्यांपेक्षा खाली जाते आणि कांडी तिच्यावर टेकत नाही. बाहीला चुणी घालताना जेवढं लक्ष द्यावं लागतं तेवढंच यात लागतं, जास्त नाही. सगळ्यात जाड तार खुंटीच्या भोकातून जाईना, म्हणून तिचं टोक घासून निमुळतं केलं, ओवायला दोऱ्याचं करतो तसं. मग सगळ्या तारा ताणून काळी दोनला आणल्या. ताणलेल्याच राहिल्या. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं, किंचित उतरल्या होत्या, परत चढवल्या. मग त्या हलल्या नाहीत.

वन्सं शेजारी बसल्या आणि खालपासून वरच्या षड्जापर्यंत एकदा जाऊन आल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "तिथे वर गळ्याला काही लागलंच नाही, वहिनी."

ठरल्या दिवशी आम्ही तिघं पुण्याच्या गाडीनं तळेगावला उतरलो. टांग्यात गिटार वन्संच्या मांडीवर आणि खोका भावोजींच्या. मी टांगेवाल्याच्या शेजारी. शाळेच्या दालनात कमिटी बसली होती, पेटीमास्तर पेटी उघडून तयार होते. भावोजींनी सतरंजीवर सगळं मांडलं, वायर हातात घेतली आणि भिंतीकडे गेले. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग तिसऱ्या. दालनाच्या मधोमध एक कंदील टांगलेला होता.

शाळेत वीज नव्हती. त्या बाजूच्या गल्लीतच नव्हती. वन्संनी पहिल्या फेरीत दाराची कडी पाहिली होती, कंदील पाहिला नव्हता. आम्ही क्वार्टरमध्ये राहणारी माणसं. जगात सगळीकडे भिंत असली की तिच्यात वीज असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. महिनाभर तारा, चुंबक आणि कानस यांच्यावर डोकं चालवलं. कुरवंड्याच्या मावशीनं पहिल्या दिवशी जे ऐकवलं होतं, ते कुणालाही आठवलं नव्हतं.

पेटीमास्तरांना फार आनंद झाला असावा, कारण ते अतिशय हळहळले. "अरेरे. असू द्या, मी सूर देतो," म्हणून त्यांनी भाता सैल केला. त्यांचं बोट काळी पाचवर जाताना मला दिसलं. वन्सं त्या बोटाकडेच पाहत होत्या.

"मास्तर, राहू द्या," मी म्हटलं. "आमचं वाद्य लागलेलं आहे. भावोजी, बसा."

"वहिनी, खोक्याशिवाय ऐकूच येणार नाही," ते कुजबुजले.

"कुणाला? वन्सं शेजारीच बसणार आहेत."

भावोजी बसले. अगदी चिकटून वन्सं बसल्या, कान फळीकडे करून. भावोजींनी तार छेडली. मला काही ऐकू आलं नाही, म्हणजे कमिटीलाही आलं नसणार. वन्संनी डोळे मिटले आणि काळी दोनला षड्ज लावला. मग त्या गायल्या. आवाज त्या दालनाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. वरच्या षड्जाला मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. त्या तिथे गेल्या, थांबल्या आणि सावकाश खाली आल्या.

अध्यक्ष म्हणाले, "सर्दी गेली वाटतं." मग कौतुकानं गिटारीकडे पाहून, "आणि साथ किती सौम्य. नाहीतर पेटी गाणाऱ्याला बुडवून टाकते." पेटीमास्तरांनी पेटी मिटली.

त्यानंतर कमिटीनं भावोजींना गाठलं आणि तळेगावला वीज कधी येणार, याची बराच वेळ चौकशी केली. भावोजींनी सगळं सविस्तर सांगितलं, कधी ते सोडून. शेवटी एका सदस्याला आम्ही कशासाठी आलोय ते आठवलं. वन्संची नेमणूक झाली आणि खोलीची किल्ली त्याच दिवशी मिळाली.

आपल्या गिटारीमुळेच बहिणीला नोकरी लागली, असं भावोजी अजून सांगतात, आणि खोक्याचा भाग गाळतात. त्यांना नंतर ती पूर्वीसारखी चढवून सिनेमाची गाणी वाजवायची होती. पण जुन्या बारीक तारा घासलेल्या खाचांत खडखडत, आणि त्या जाड तारा चढवायला गेलं की खुंट्या कुरकुरू लागत. तेव्हा गिटार काळी दोनमध्येच राहिली आणि माझ्या सुया वेचू लागली. वन्संना ती न्यायला सांगितलं तर म्हणाल्या, "तळेगावात वीज आल्यावर पाठवा." वीज आली तोपर्यंत त्यांनी स्वतःचा तंबोरा घेतला होता.

मध्यंतरी एकदा मी त्यांच्या शाळेत गेले होते. वर्गात मुली गात होत्या, वन्सं शिकवत होत्या आणि पेटीमास्तर साथीला होते. काळी दोनमध्ये वाजवत होते. चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाच सर्दी झाली असावी.